पल्याडची सोलेन

सोलेन प्रालोंजला आली तेव्हा तिच्या सामानातली सगळ्यात जड वस्तू म्हणजे शिडं शिवायचं मशीन होतं. बाप मासेमारी करणारा, आजा मासेमारी करणारा, आणि ती स्वतः शाळा सुटल्यापासून फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, ब्रिटनीच्या किनाऱ्यावर एका शिडांच्या कारखान्यात बसलेली. समुद्रापासून इतक्या लांब, डोंगराच्या कुशीत, जिथं पाणी म्हणजे एक नदी आणि तीही हिवाळाभर बर्फाखाली, तिथं हे धूड कशाला न्यायचं असं तिच्या नवऱ्याला वाटलं होतं. पण जिल्दास फार बोलणारा माणूस नव्हता. त्यानं ते गाडीत दोरांनी आवळून बांधलं आणि अख्खा देश आडवा पार करून वर आणलं.

जिल्दास मासळीचा ट्रक चालवायचा. प्रालोंजला बर्फ सारायची गाडी चालवायला माणूस हवाय हे त्याला रस्त्यातल्याच कुणीतरी सांगितलं. बर्फ त्यानं फारसा पाहिला नव्हता, पण मोठी गाडी निसरड्या रस्त्यावर कशी ताब्यात ठेवायची ते त्याला कळत होतं. आणि दोघांनाही घरापासून लांब जायचं होतं. जिल्दासची आई दर रविवारी जेवणाच्या टेबलावर उसासे टाकायची आणि सोलेनच्या ताटाकडं बघत म्हणायची, "आमच्या घराण्याचा दिवा इथंच विझणार म्हणायचा." सोलेननं लग्नाआधीच त्याला सगळं सांगितलं होतं. तेविसाव्या वर्षी पोटात गाठ निघाली, गर्भाशय काढून टाकावं लागलं. धक्क्यावर बसून तिनं हे सांगितलं तेव्हा जिल्दासनं एवढंच विचारलं, "अजून दुखतं का?" त्या एका प्रश्नावर तिनं त्याच्याशी लग्न केलं.

मेयरबाई ओदील स्वतः किल्ली घेऊन आल्या. उंचपुऱ्या, पुरुषी आवाजाच्या, पायात गोठ्यातले बूट. घर शाळेच्या वरच्या मजल्यावर होतं.

"लाकूड खाली आहे. शेगडी धूर करते, खिडकी जरा उघडी ठेवत जा. आणि दिवसभर पोरांचा कालवा असतो हं."

"असू दे की," सोलेन म्हणाली.

"सवयच करून घे. पुढं त्यात तुमचीही असतील."

सोलेन हसली आणि खोकं उचलून जिना चढली. त्या वाक्याचा अर्थ तिला पहिला बर्फ पडल्यावर कळला. शाळेत मुलं उरली होती बोटांवर मोजण्याइतकी. आणखी घटली की सरकार शाळा बंद करणार, आणि शाळा गेली की गाव म्हाताऱ्यांचं होणार. म्हणून तर शाळेवरचं घर तरुण जोडप्याला दिलं होतं. तोंडानं कुणी काही अट घातली नव्हती. सगळ्यांनी ती मनात धरली होती.

पावाच्या दुकानात मादाम फिलोमेन बसायच्या. पाव हातात देताना त्यांची नजर आधी सोलेनच्या कोटाच्या मधल्या बटणावर जायची.

"काय गं, अजून काही नाही?"

"काय काही नाही, मादाम?"

"काही नाही म्हणजे काही नाही. इथली हवा चांगली आहे. माझ्या सुनेला लग्नानंतर पहिल्याच हिवाळ्यात राहिलं होतं."

"मग तुमच्या सुनेला माझा नमस्कार सांगा," म्हणून सोलेन पाव काखेत मारून बाहेर पडायची.

थोड्या दिवसांनी फिलोमेनबाईंनी बटाट्याचं सारण भरलेल्या तळलेल्या करंज्या पाठवल्या, भरपूर खा, अंग भरू दे, असा निरोप देऊन. शाळेच्या बाईंनी पाळणा ठेवायला जागा कुठं निघेल ते सहज म्हणून सुचवलं. कुणी वाईट नव्हतं. तेच तर अवघड होतं. वाईट माणसाला तोंडावर बोलता येतं, गरम करंज्या घेऊन येणाऱ्याला काय बोलायचं?

"सांगून टाक ना एकदा," जिल्दास म्हणाला. "विषय संपेल."

"का सांगू? माझ्या पोटाची दवंडी पिटायला मी इथं आले नाही. तुझ्या आईपासून पळून आलो आणि इथं साऱ्या गावात तुझ्या आया बसल्यात."

जिल्दासला हसू आलं, आणि मग तिलाही.

तो हिवाळा तसा गेला. जिल्दास पहाटेपासून खिंडीखालचा रस्ता मोकळा करायचा आणि भुवयांवर बर्फ घेऊन परतायचा. सोलेननं मशीन खिडकीशी लावलं. आधी शेजाऱ्यांची ताडपत्री शिवली, मग कुणाच्या स्कीच्या पिशव्या, मग गाईंच्या गळ्यातल्या घंटांचे पट्टे. जे जाड होतं आणि दुसऱ्या कुणाच्या सुईला दाद देत नव्हतं ते सगळं तिच्याकडं येऊ लागलं. तिची टीप उसवत नाही असं लोक म्हणायचे. ते सांगायला येताना मात्र नजर पुन्हा तिथंच.

दुसरं वर्ष लागलं, शाळेतली दोन मुलं मोठी होऊन खालच्या गावी गेली आणि मेयरबाई जिना चढून वर आल्या. कॉफी घेतली, दोनतीनदा घसा खाकरला.

"पोरी, मला आडून बोलता येत नाही. डॉक्टरला दाखवलंत का?"

"दाखवलंय. इथं यायच्या आधीच." सोलेननं हातातली सुई खाली ठेवली आणि जे होतं ते सांगितलं. आवाज चढवला नाही, की डोळ्यांत पाणी आणलं नाही.

ओदीलबाईंनी कप खाली ठेवला. "मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत कुठं? जिल्दासला विचारलंत, उतारावर गाडी आवरेल का. मला विचारलंत, थंडी सोसवेल का. दोघांनी खरं तेच सांगितलं."

"तसं नाही गं..."

"तसंच आहे, मादाम. घर देताना तुम्ही मनात जे धरलंत त्याची हमी मी दिली नव्हती."

ओदीलबाई जाताना म्हणाल्या, हे माझ्यापाशीच राहील. त्यांनी ते बहिणीपाशीही ठेवलं, आणि बहिणीनं आणखी कुणापाशी. रविवारी सोलेन पाव आणायला गेली तर फिलोमेनबाईंनी पहिल्यांदाच तिच्या बटणाऐवजी तोंडाकडं पाहिलं. त्या नजरेत कीव होती. सोलेनला ती आधीच्या नजरेहून जास्त झोंबली.

पुढच्या आठवड्यात गावची सभा भरली. तीन मुलं असलेलं एक कुटुंब शहरातून वर यायला तयार होतं, त्यांना घर हवं होतं, आणि देण्यासारखं घर एकच. ओदीलबाईंनी हे शक्य तितक्या हळुवारपणे मांडलं. पण मागून कुणीतरी बोललंच, "मुळात आपल्याला फसवून घर घेतलं. त्यात एवढं विचारायचं काय?"

जिल्दास उठायला लागला. सोलेननं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि आपण उभी राहिली.

"माझ्याबद्दल तुम्हाला आता सगळं ठाऊक आहे, तेव्हा मी नव्यानं सांगत नाही. मला मूल होणार नाही. यंदा नाही, पुढल्या वर्षी नाही, इथल्या हवेनंही नाही. कुणी करंज्या पाठवल्या तर मी खाईन, चांगल्या असतात, पण त्यानंही होणार नाही. घर गावाचं आहे. ज्यांना लेकरं आहेत त्यांना द्या, माझी तक्रार नाही. पण घरासोबत आम्ही गावही सोडावं असं कुणाच्या मनात असेल तर त्यानं उभं राहून माझ्याकडं बघून म्हणावं."

कुणी हललं नाही. नेमकी तेवढ्यात मागच्या रांगेत खुर्ची करकरली आणि म्हातारा इलेर उभा राहिला. सगळ्या माना तिकडं वळल्या.

"माझ्याकडं काय बघता?" तो म्हणाला. "मला लघवीला जायचंय."

सभा संपल्यावर तो बाहेर भिंतीला टेकून उभा होता. इलेर नदीच्या पल्याड राहायचा, एकटा, तीनचार शेळ्या घेऊन. पल्याड म्हणजे डोंगराच्या सावलीची बाजू. हिवाळ्याच्या तोंडाशी तिथलं ऊन जायचं ते फेब्रुवारीशिवाय परत यायचं नाही. पूर्वी तिकडं पुष्कळ घरं नांदती होती. एकेक करून सगळे उन्हात राहायला गेले, इलेर तेवढा गेला नाही.

"माझ्या शेजारचं घर रिकामं आहे," तो सोलेनला म्हणाला. "छपराला भोक आहे. उंदीर आहेत. ऊन नाही."

"कुणाचं?"

"बहिणीचं. मार्सेयला गेली ती गेली. मी उद्या फोन करतो तिला. नाही म्हणायची नाही, तिला ते घर आठवतही नसेल."

"मग यात चांगलं काय आहे ते पण सांगा," जिल्दास म्हणाला.

इलेरनं खरंच विचार केला. "भिंती जाड आहेत. आणि शेजारी फारसा बोलत नाही."

मृतांच्या सणाला लोक कबरींवर शेवंती ठेवायला निघाले होते, तेव्हा या दोघांनी मशीन एका ढकलगाडीवर घालून पूल ओलांडला. मदतीला कुणी आलं नाही. अडवायलाही कुणी आलं नाही. छपराच्या भोकावर सोलेननं माहेराहून आणलेलं जुन्या शिडाचं कापड दुहेरी करून ठोकलं. काथात भिजवून लाल केलेलं, खाऱ्या वाऱ्यावर मुरलेलं कापड. समोरच्या उन्हाच्या बाजूवरून ते लाल ठिगळ आख्ख्या गावाला दिसायचं.

"नाताळपर्यंत उतरतील खाली," फिलोमेनबाई गिऱ्हाइकांना सांगायच्या. सोलेनच्या कानावर ते आलं. दुकानात गर्दी असताना ती मुद्दाम गेली.

"मादाम, माझा नाताळचा गोड पाव आत्ताच लिहून ठेवा. आणि ईस्टरचाही ठेवा, मागाहून विसरायला होतं."

रांगेतलं कुणीतरी फिस्सकन हसलं. फिलोमेनबाईंनी खाली बघून पेन्सिल शोधली.

पण बोलणं वेगळं आणि पल्याडचा जानेवारी वेगळा. भर दुपारी दिवा लावून शिवावं लागायचं. समोर, नदीच्या त्या काठाला, लोक उंबऱ्यावर खुर्च्या टाकून ऊन खात बसलेले दिसायचे, आणि इकडं खिडकीच्या आतल्या बाजूला बर्फाची फुलं. नळ गोठला की नदीवरून बादल्या आणायच्या. एका सकाळी तिनं दार आत ओढलं तर समोर दाराएवढी पांढरी भिंत उभी, त्यावर दाराच्या फळ्यांचे ठसेसुद्धा उमटलेले. जिल्दास कधीचा कामावर गेला होता. त्याच्या मागं वाऱ्यानं बर्फ दाराशी रचला असणार. ती त्या भिंतीसमोर नुसती बसून राहिली. समुद्राची फार आठवण आली. परत जावं, असं तिला पहिल्यांदाच मनापासून वाटलं. किनाऱ्यावर पाऊस असेल, ओला वारा असेल, पण दार उघडलं की दार उघडतं तरी.

मग पलीकडच्या भिंतीवर काठी आपटली. इलेर रोज सकाळी आपटायचा.

"जिवंत आहात का?"

"आहे," ती ओरडली. "तुम्ही?"

"बघतो," म्हातारा म्हणाला.

सोलेननं डोळे पुसले, बादली उचलली आणि बादलीनंच ती भिंत आतून खणायला लागली. बर्फ उपसून न्हाणीत टाकला. वाट मोकळी व्हायला दुपार झाली. बाहेर आली तर तिकडून इलेर फावडं घेऊन तिच्याच दाराकडं खणत येत होता, अर्ध्या वाटेत पोचलेला. तिनं त्याला आत बोलावलं आणि कुट्टूच्या पिठाची खारं लोणी घातलेली धिरडी वाढली. तो चार खाऊन म्हणाला, "पातळ आहेत," आणि पाचवं मागून घेतलं.

उन्हाच्या बाजूचे लोकही मग पूल ओलांडून यायला लागले. फाटलेली ताडपत्री ती नीट करून देते म्हटल्यावर सावलीत यायला कुणाची हरकत नव्हती. आधी कामापुरते यायचे, मग शेगडीपाशी टेकायचे. पोटाबद्दल कुणी विचारेनासं झालं. एकदा एका बाईनं "बिच्चारी" म्हणून सुरुवात केली, तर सोलेननं मशीन एवढ्या जोरात चालवलं की पुढचं तिचं तिलाच ऐकू आलं नाही.

शाळेवरच्या घरातलं नवं कुटुंब फेब्रुवारीतच निघून गेलं. मोठ्या मुलाला करमेना, बाईला खोकला लागला, नवऱ्याचं काम जमलं नाही. त्यांना कुणी दोष दिला नाही. सोलेननं तर त्यांच्या धाकटीचा फाटलेला बर्फाचा कोट शिवून दिला होता आणि ती मुलं जाताना तिला वाईट वाटलं. त्यानंतर दोनच दिवसांनी पल्याड ऊन परत आलं. तासभरच, पण दारासमोर खुर्ची टाकण्याइतकं. त्याच उन्हात मेयरबाई पूल ओलांडून आल्या.

"घर रिकामं आहे," त्या म्हणाल्या. "परत या."

"आणि पुन्हा कुणी मुलांवालं आलं की?"

"ते तेव्हा बघू. माझं चुकलं, सोलेन. बहिणीला सांगायला नको होतं."

"ते चुकलंच. पण मी नको म्हणतेय ते त्यासाठी नाही." सोलेननं दुसरी खुर्ची पुढं सरकवली. "तिकडं तुम्ही आम्हाला कशासाठी तरी आणलं होतं, मादाम. जिना चढताना रोज वाटायचं, आपण कुणाचंतरी देणं लागतो. इथं आम्हाला कुणी आणलं नाही. इलेर तर रोज सकाळी आम्ही मेलो का ते बघतो. मला इथंच बरं वाटतं."

"ऊन नाही, पाणी गोठतं, आणि म्हणे बरं वाटतं."

"वाटतं खरं. मलाही कळत नाही कसं."

ओदीलबाईंनी मान हलवली, पण उठल्या नाहीत. ऊन डोंगराआड जाईपर्यंत बसून राहिल्या.

तीन मुलं गेल्यानं शाळेचं गाडं पुन्हा अडलं. मार्चमध्ये शिक्षणखात्याचा निरीक्षक वर येणार, मुलं मोजणार, आणि त्याच आठवड्यात बंद करायच्या शाळांची यादी सरकारकडं जाणार असं ठरलं. आईबापांनी गावात शिरायच्या वाटेवरच्या पुलाशी उभं राहून त्याची गाडी अडवायची ठरवलं. त्या दिवशी सकाळपासून बर्फ कोसळत होता. जिल्दास चहाकॉफी न घेता खिडकीशी उभा.

"जायचं नाही का आज?" सोलेननं विचारलं.

"जायला हवं. पण मी विचार करतोय, बर्फाची गाडी जुनी आहे."

तेवढ्यात फोन वाजला. मेयरबाई होत्या. जिल्दासनं फोन कानापासून जरा लांब धरला, म्हणजे तिलाही ऐकू यावं.

"खालचा रस्ता मोकळा झाला का रे?"

"नाही."

"का?"

"गाडी चालू होत नाहीये."

"काल?"

"काल होत होती."

मग ओदीलबाई म्हणाल्या, "जुनी गाडी आहे. घाई करू नकोस," आणि फोन ठेवला.

सोलेननं बूट चढवले आणि पुलाशी गेली. गावातले बहुतेक सगळेच तिथं जमले होते. बर्फात पाय आपटत, हातातून हातात जेनेपी या डोंगरी दारूची बाटली फिरवत. फिलोमेनबाईही दुकान बंद करून आलेल्या. सोलेनला बघून त्या म्हणाल्या, "तुझं मूल नाही शाळेत, तू कशाला गारठतेस?"

"तुमची तरी कुठं आहेत? तुमच्या पोरांना टकलं पडायला आलीत."

भोवतीचे सगळे हसले. फिलोमेनबाईंनी तिच्याकडं रागानं बघायचा प्रयत्न केला, पण त्यांचीच हनुवटी हलायला लागली. त्यांनी बाटली सोलेनच्या हातात दिली. "घे. तोंड चालतंय तोवर गरम ठेव."

निरीक्षक खालच्या गावात थांबून राहिला, दोनदा फोन केले आणि दुपारी परत फिरला. यादी त्याच्या भेटीशिवाय सरकारकडं गेली आणि प्रालोंजचं नाव त्या वर्षी त्यात यायचं राहून गेलं. दुपारनंतर बर्फ थांबला तेव्हा गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली. जिल्दासनं रस्ता नेहमीपेक्षा रुंद काढला.

शाळा त्यानंतर एकच वर्ष चालली. पुढच्या खेपेला निरीक्षक जूनमध्ये आला, आणि जूनमध्ये गाडी बिघडून काही होत नाही. मुलं आता बसनं खाली जातात. ती बातमी कळली त्या दिवशी सोलेन आणि फिलोमेनबाई दुकानाच्या पायरीवर शेजारीशेजारी बसल्या होत्या आणि कितीतरी वेळ सरकारला शिव्या देत होत्या, एक ब्रिटनीच्या भाषेत आणि एक डोंगरातल्या. एकमेकींना शब्द कळत नव्हते, पण अर्थ सांगायची गरज पडली नाही.

त्याच उन्हाळ्यात इलेरच्या बहिणीनं ते घर त्यांच्या नावावर करून दिलं. जिल्दासनं छप्पर नीट केलं. ठिगळ काढायचं तर सोलेन नको म्हणाली, म्हणून ते आतल्या बाजूनं तसंच ठेवून वर फळ्या मारल्या. मग तिनं भिंतीवर खडूनं एक मोठा चौकोन काढला, नदीच्या बाजूला, आधीच्या खिडकीच्या तिप्पट.

इलेर शेळ्या सोडून बघायला आला.

"हे काय?"

"खिडकी."

"इथं कुणी खिडक्या मोठ्या करत नाही. आमच्या बापजाद्यांनी लहान ठेवल्या त्या काय हौस म्हणून? सगळी ऊब निघून जाईल."

"जाऊ दे," सोलेननं पहार उचलून जिल्दासच्या हातात दिली. "लाकूड जास्त फोडू."

जिल्दासनं पहिला घाव घातला. चुना आणि जुनं शेवाळ खाली पडलं. म्हातारा अजून तिथंच उभा होता, हा वेडेपणा कुठवर जातो ते बघत. दुसऱ्या घावाला दगड हलला तेव्हा त्यानं खाली वाकून तो दोन्ही हातांनी धरला, त्यांच्या पायावर पडू नये म्हणून.